तीन बँजो आणि एक खोली

बँजो हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गणपतीची मिरवणूक उभी राहते. पुढे ढोल-ताशे, मागे गुलालाने माखलेली पोरे आणि मधोमध कर्ण्यातून कडाडणारी ‘बँजो पार्टी’! वाजवणारा एका हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबीत असतो, दुसऱ्या हाताने तारा छेडीत असतो, आणि त्याच्या चालीवर आख्खी आळी नाचत असते. पण खरे सांगायचे तर हा आपला बँजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे गोत्र जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता नावाच्या गृहस्थांनी १९१२ साली तारांवर कळा बसवून ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य केले. त्याचेच हे हिंदुस्थानी भावंड. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचे नाते केवळ नावापुरते. आपल्याकडे एकाच वर्गात दोन कुलकर्णी असतात, तेवढेच.

मग खरा बँजो कसा असतो? दिमडीला सतारीची दांडी जोडली आहे अशी कल्पना करा. गोल लाकडी कड्यावर ताणलेले कातडे, त्यावर नुसती टेकवलेली एक चिमुकली घोडी, आणि तिच्यावरून गेलेल्या पाच तारा. त्यांतली पाचवी तार आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या मध्यावरच, पाचव्या पडद्यापाशी. ही तार अंगठ्याने छेडायची आणि ती आपला एकच सूर धरून बसायची. सतारीची चिकारी म्हणा, की आमच्या शाहिराचे तुणतुणे म्हणा! तुणतुण्याच्याही बुडाला कातडेच असते. मिरजेत राहणाऱ्या माणसाला हे नाते कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हो, मी मिरजेचा. मराठी शिकवणे हा व्यवसाय, पण सतारमेकर गल्ली घरापासून हाकेच्या अंतरावर. पंढरपूरकडून आलेले भोपळे उन्हात वाळताना, जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवून पुन्हा पुन्हा तार छेडून पाहताना, हे सारे लहानपणापासून पाहिलेले. हातात कला नाही, पण कानाला सवय आहे. त्या कानाचा उपयोग सातासमुद्रापलीकडे होईल, असे मात्र कोणी भविष्य वर्तवले नव्हते.

सुटीत आम्ही उभयता ताईकडे अमेरिकेला गेलो. ताई आणि दाजी बॉस्टनजवळ वॉल्थम नावाच्या गावी राहतात. चार्ल्स नदीच्या काठचे हे गाव एकेकाळी घड्याळांसाठी जगभर ठाऊक होते. १८५४ मध्ये नदीकाठी उभारलेला घड्याळांचा कारखाना १९५७ मध्ये थांबला. पण त्याच्या लांबच लांब विटांच्या इमारती अजून पाण्यात आपले प्रतिबिंब न्याहाळीत उभ्या आहेत. संध्याकाळी नदीकाठाने फिरावे, बदकांना पाहावे, आणि घरी येऊन ताईच्या हातची आमटी ओरपावी, असा आमचा राजेशाही कार्यक्रम होता.

ताईच्या शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहतात. माझा भाचा त्यांना इंग्रजीत ‘सर’ म्हणतो, कारण ते शाळेत गणित शिकवीत असत; पण आमच्या घरात आपसात त्यांचे नाव ‘आजोबा’ असेच पडले आहे. त्यांनी एके दिवशी मला पडवीत बोलावले. पुढे तीन पेट्या मांडल्या होत्या.

“तुम्ही तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या गावचे आहात म्हणे,” ते म्हणाले. “मला एक कान हवा आहे. माझे स्वतःचे कान आता पक्षपाती झाले आहेत.”

गोष्ट अशी होती की महिनाभरात त्यांना हे घर सोडून वृद्धांसाठी बांधलेल्या एका इमारतीत राहायला जायचे होते. तेथे मिळणार एकच खोली. भिंती पातळ, शेजारी पलीकडे झोपलेला. तीन बँजोंपैकी एकालाच तेथे जागा होती. एक विकायचा होता, कारण सामान हलवायला आणि नव्या जागेला पैसे लागणार होते. तिसऱ्याचे काय करायचे, ते त्यांचे ठरत नव्हते. “एक आठवडा विचार करा,” ते म्हणाले, “आणि त्याआधी बॉस्टनला जाऊन या. यांतला एक तिथला आहे. माहेर पाहिल्याशिवाय मुलीविषयी बोलू नये.”

हे वाक्य त्यांनी जवळजवळ अशाच अर्थाचे म्हटले, यावर सौ.चा अजून विश्वास बसत नाही.

वॉल्थमहून आगगाडीने निघाले की नॉर्थ स्टेशन येते. तेथून चालत दहा-पंधरा मिनिटांत सडबरी स्ट्रीट, कोर्ट स्ट्रीट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा सारा भाग म्हणजे बँजोवाल्यांची सतारमेकर गल्लीच होती. फेअरबँक्स आणि कोल या दोघांनी १८८० मध्ये भागीदारीत बँजो करायला सुरुवात केली आणि १८९० मध्ये दोघांनी वेगळ्या चुली मांडल्या. फेअरबँक्सने पुढे बँजोचा नादच सोडला आणि सायकलींच्या चाकांची लाकडी कडी करायला घेतली. लाकूड वाकवून गोल करण्याची विद्या दोन्हीकडे तीच! त्याच्या नावाचा कारखाना मात्र चालू राहिला. तेथल्या डेव्हिड डे नावाच्या कल्पक माणसाने १९०१ मध्ये ‘व्हाइट लेडी’ हा बँजो काढला. मेपलचे लाकूड न रंगवता गोरेपान ठेवले, म्हणून हे नाव. १९०४ मध्ये कारखान्याला आग लागली, आणि स्वीडनहून आलेल्या कारागिरांच्या ‘व्हेगा’ कंपनीने तो विकत घेतला.

मी मोठ्या उमेदीने कोर्ट स्ट्रीटवर उभा राहिलो. पुढे काय? एक अवाढव्य फरसबंद पटांगण आणि त्यात उभी नगरपालिकेची राखी काँक्रीटची इमारत. येथे पूर्वी स्कॉली स्क्वेअर नावाचा गजबजलेला चौक होता. नाटकगृहे, दुकाने, खाणावळी. १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत तो सारा पाडला आणि १९६८ मध्ये ही नवी इमारत पुरी झाली. बँजोच्या दुकानाची पाटी राहो, वीटही दिसली नाही. “मिरजेची गल्ली अजून आहे, हे काय थोडे झाले?” सौ. म्हणाली. आमच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले होते, त्याची मला आठवण झाली. मानांकनाने गल्ली जगते की नाही हे काळ ठरवील. पण पटांगणात उभे राहून शोधण्यापेक्षा ते बरे.

तेथून टेकडी चढून आम्ही जॉय स्ट्रीटला गेलो. तेथे १८०६ मध्ये कृष्णवर्णीयांनी बांधलेले प्रार्थनामंदिर आहे. विटांची साधी, नेटकी वास्तू. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी न्यू इंग्लंडमधली संस्था १८३२ मध्ये येथेच स्थापन झाली. बँजोची दुकाने खाली आणि हे मंदिर वर. मध्ये अंतर जेमतेम दहा मिनिटांचे. आजोबांनी आम्हाला बॉस्टनला का पाठवले, ते मला या टेकडीवर उमगू लागले.

कारण बँजो हे मुळात आफ्रिकेच्या लेकरांचे वाद्य. पश्चिम आफ्रिकेत गांबिया-सेनेगलच्या बाजूला जोला लोकांचा ‘आकोन्टिंग’ आजही वाजतो. भोपळा, त्यावर कातडे, बांबूची दांडी आणि एक आखूड तार. गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेली माणसे हातात काही घेऊन येऊ शकली नाहीत. पण डोक्यातली वाद्ये त्यांनी कॅरिबियन बेटांवर आणि व्हर्जिनियाच्या मळ्यांवर भोपळे कापून पुन्हा घडवली. मग १८४० च्या सुमारास गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून, त्याच माणसांची नक्कल करीत बँजो रंगभूमीवर आणला. लोक पोट धरून हसले. पुढे फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल स्ट्युअर्टसारख्या कारखानदारांनी चंग बांधला, की हे वाद्य दिवाणखान्यात न्यायचे. बोटांनी, पियानोसारखे स्वरलिपी वाचून, तातीच्या मऊ तारांवर वाजवायचे. यालाच आज ‘क्लासिक’ बँजोवादन म्हणतात. १८८० ते १९२० हा त्याचा बहराचा काळ. फोनोग्राफच्या जुन्या कर्ण्यात या वाद्याचा खणखणीत आवाज छान उमटे, म्हणून ऑसमन, व्हॅन एप्स यांच्या तबकड्या घरोघर गेल्या.

त्या बहरात कृष्णवर्णीय कलावंत नव्हते असे नाही. होरेस वेस्टन नावाचा विख्यात वादक स्ट्युअर्टचाच बँजो वाजवी. बॉस्टनमध्ये वाढलेले बोही बंधू लंडनला गेले आणि त्यांतल्या जेम्सने युवराजाला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, बँजोचे धडे दिले. पण नकलेची काजळी काही पुसली गेली नाही. ज्यांचे वाद्य, त्यांनाच त्याची लाज वाटू लागली.

पुढच्या शनिवारी आम्ही पडवीत जमलो. आजोबांनी पेट्या उघडल्या. आधी त्यांनी मला तिघांच्या कुंडल्या सांगितल्या.

पहिला स्ट्युअर्टचा, १८९० नंतरचा. लाकडी कड्यावर चकचकीत धातूचा पत्रा मढवलेला, दांडी काळसर, खुंट्या साध्या घर्षणाच्या, तानपुऱ्यासारख्या पिळून बसवायच्या. दुसरा व्हाइट लेडी. याच्या कड्यावर, कातड्याखाली, महिरपी काढलेली धातूची पट्टी आणि तिच्यावर एक गोल सळई असते. कातडे लाकडावर न टेकता या सळईवर टेकते. शिवाय कातडे ताणणाऱ्या आकड्यांसाठी कड्याला भोके पाडलेली नाहीत; बाहेरून एक धातूचा पट्टा फिरवून आकडे त्यात बसवले आहेत. लाकूड अभंग, म्हणून नाद मोकळा. तिसरा लंडनचा, ‘झिदर बँजो’. १८८८ मध्ये लंडनला जाऊन स्थायिक झालेल्या कॅमायर नावाच्या अमेरिकन वादकाने हा प्रकार लोकप्रिय केला. त्याची पाठ बंद असते, कातड्याचे लहान कडे लाकडी वाटीत तरंगत ठेवल्यासारखे, आणि पाचवी तार दांडीच्या पोटातल्या नळीतून थेट डोक्याकडे जाते. तारा काही पोलादी, काही तातीच्या.

मी अंगणाच्या टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून बसलो. वाजवणाऱ्याला वाद्याचा आवाज निराळा येतो आणि ऐकणाऱ्याला निराळा. तानपुरा पारखणारे आमच्याकडेही दूर जाऊन ऐकतात. आजोबांनी एकच लहानसा तुकडा तिघांवर वाजवला.

व्हाइट लेडी ओळखायला वेळ लागला नाही. काय तो सूर! चांदीची नाणी फरशीवर एकेक करून टाकावीत, तसा प्रत्येक स्वर सुटा, स्वच्छ, अंगणाच्या टोकापर्यंत ताजा. भरभर वाजवले तरी स्वरांची सरमिसळ नाही. झिदर बँजोचा बाज अगदी वेगळा. बँजोला मुळात आस कमी. स्वर उमटला की कातडे तो गिळून टाकते. पण याची आस लांबते, गोड घंटानाद मागे राहतो, आवाज मात्र बेताचा. आणि स्ट्युअर्ट? तो कण्हत होता. खालच्या पडद्यांवर ठीक, पण वर जावे तसा बेसूर, आणि तार दाबताना आजोबांच्या बोटांना होणारा त्रास मला पाठमोऱ्यालाही ऐकू येत होता.

“निकाल?” त्यांनी विचारले.

“पहिला क्रमांक व्हाइट लेडीचा,” मी म्हणालो. “पण स्ट्युअर्टला मी अजून गुण देणार नाही. आजारी विद्यार्थ्याची परीक्षा घेऊ नये.”

ते हसले. मास्तर माणूस, त्यांना ते पटले.

मग पुढचे दोन शनिवार आम्ही स्ट्युअर्टच्या औषधपाण्यात घालवले. रोग साधा होता. मध्यंतरी कोणीतरी त्यावर पोलादी तारा चढवल्या होत्या. तातीच्या तारांसाठी केलेली ही नाजूक दांडी. पोलादाच्या ओढीने ती पुढे झुकली होती आणि तारा पडद्यांपासून वर उचलल्या गेल्या होत्या. आजोबांनी तारा उतरवल्या. कड्याच्या आतून जी लाकडी काठी आरपार जाते आणि दांडीला धरून ठेवते, ती ढिली झाली होती. ती घट्ट केली. दांडी आणि कडे यांच्या सांध्यात पातळ लाकडाची चकती सारली, तशी दांडी किंचित मागे गेली. पोलादाऐवजी नायलॉनच्या तारा आल्या; आज ताती दुर्मीळ, म्हणून क्लासिक वाजवणारे बहुतेक जण नायलॉनच वापरतात.

घोडी मात्र मला बघायची होती. होती ती जाड, बोजड. हलक्या तारांना जड घोडी हलवता येत नाही; मग आवाज दबतो. आजोबांनी मेपलची पातळ, हलकी घोडी काढली. ती चिकटवायची नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. म्हणून तिची जागा शोधावी लागते. वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढेच तेथून घोडीपर्यंत. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणारा सूर आणि तार दाबून निघणारा सूर एक झाले की घोडी घरी पोचली. केसभर इकडे, केसभर तिकडे. मला आमच्या जवारीवाल्याची आठवण झाली. तो घोडीखाली नव्हे, तारेखाली सुताचा दोरा सरकवीत असाच श्वास रोखून बसतो.

शेवटी कातडे. वासराचे जुने कातडे दमट हवेत ढिले पडले होते. एका आकड्याला पाव फेरा, मग त्याच्या समोरच्याला पाव फेरा, असे करीत आजोबा गोल फिरले. तबलजी हातोडीने गजरा ठोकताना एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला जातो, तसेच. भाच्याला ही जुळणी गणितातल्या समतोलाप्रमाणे वाटली आणि आजोबा त्यावर खूष झाले.

काम करता करता त्यांनी स्ट्युअर्टची हकिकत सांगितली. हा त्यांच्या आजोबांचा. ते व्हर्जिनियातून बॉस्टनला आले आणि आगगाडीत झोपायच्या डब्यांवर हमाल म्हणून राबले. सुटीच्या दिवशी स्वयंपाकघरात बसून वाजवीत. मुलगा, म्हणजे यांचे वडील, शिकला, कारकून झाला, आणि त्याने बँजो माळ्यावर टाकला. “गोऱ्यांनी आपल्याला हसण्यासाठी जे वापरले, ते माझ्या घरात वाजणार नाही,” असे त्यांनी बजावले होते. वडील वारल्यावर माळा आवरताना तो यांना सापडला. तोवर हे स्वतः चाळिशी गाठत आले होते. व्हाइट लेडी त्यानंतर घेतला, झिदर बँजो लंडनच्या सहलीत. पण स्ट्युअर्ट त्यांनी कधी फारसा वाजवला नाही. “वडिलांचा शब्द मोडवत नव्हता, आणि आजोबांचे वाद्य टाकवत नव्हते. म्हणून पेटीत ठेवला. तो आजारी पडला तो माझ्यामुळे.”

यावर काय बोलावे? आपल्याकडेही किती घरांतून कुणाची ढोलकी, कुणाचे तुणतुणे, कुणाच्या पायांतले चाळ माळ्यावर गेले आहेत! पोरे शिकली, कारकून झाली, मास्तर झाली. आणि प्रतिष्ठेच्या पहिल्या पायरीवर आजोबांची कला उतरवून ठेवली. ज्यांनी ती ठेवली त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार ज्यांना ती हेटाळणी सोसावी लागली नाही त्यांना नाही.

तिसऱ्या शनिवारी स्ट्युअर्ट बोलला. व्हाइट लेडीचा चांदीचा खणखणाट त्यात नव्हता, झिदर बँजोची लांब आसही नव्हती. कोरडा, लाकडी, जवळून बोलल्यासारखा आवाज. माजघरात बसून वडीलधाऱ्याने हलक्या स्वरात गोष्ट सांगावी तसा. वरच्या पडद्यांवरही सूर आता खरा होता.

त्या दिवशी त्यांची नात आली होती. महाविद्यालयात शिकणारी, उंच, हसरी. गेल्या काही वर्षांत कृष्णवर्णीय तरुण मंडळी पुन्हा बँजोकडे वळू लागली आहेत. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात त्यांचा मोठा मेळावा भरला, आणि रिआनन गिडन्ससारख्या गायिकेने हे वाद्य पुन्हा आपले म्हणून मिरवले. नातीला हे सारे पाठ होते. तिने व्हाइट लेडीकडे पाहिलेही नाही.

“आजोबा, हा मला द्या,” ती स्ट्युअर्ट उचलून म्हणाली.

“तुझ्या पणजोबांना आवडले नसते,” ते म्हणाले.

“त्यांना राग वाद्याचा नव्हता ना? हसणाऱ्यांचा होता. माझ्या खोलीत कोणी हसणार नाही.”

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग चष्मा पुसायला घेतला.

निकाल असा लागला. सर्वांत सुरेल तो व्हाइट लेडी विकायचा. कारण त्याला चांगली किंमत येते आणि घेणारा त्याला मोठ्या दालनात वाजवील, त्याच्या आवाजाला तेच शोभते. स्ट्युअर्ट नातीकडे. आणि ज्याला बाजारात फारसे कोणी विचारीत नाही, तो लंडनचा झिदर बँजो आजोबांबरोबर नव्या खोलीत. आवाज बेताचा, पातळ भिंतीपलीकडच्या माणसाची झोप मोडणार नाही. आणि आस लांब, म्हणून थकल्या बोटांनी थोडेच स्वर काढले तरी खोली भरलेली राहील. मी अंगणाच्या टोकाला बसून जो क्रम लावला होता तो बरोबर होता, पण वाद्ये क्रमाने वाटली जात नाहीत. ती घरे पाहून दिली जातात, मुलींसारखी.

निघताना नातीने विचारले, “तारा बदलायच्या झाल्या तर?”

“नायलॉनच,” आजोबा आणि मी एकदमच म्हणालो.

त्यांनी खिशातून कागदाची एक पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. आत मेपलची आणखी एक पातळ घोडी होती. “ही मोडली तर असू दे,” ते म्हणाले. मग तिला पडवीत बसवले, स्वतः काठी टेकीत अंगणाच्या टोकाला, माझ्या खुर्चीवर जाऊन पाठमोरे बसले, आणि म्हणाले, “हं, वाजव.”